बटाट्यातले पाणी, वेफरमधले तेल

शंभर ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ७९ ग्रॅम पाणी, १७ ग्रॅम कर्बोदके, २ ग्रॅम प्रथिने आणि नावापुरती, म्हणजे जेमतेम ०.१ ग्रॅम स्निग्धता असते, आणि त्यातून शरीराला मिळणारी ऊर्जा ७७ किलोकॅलरीच्या आसपास भरते. त्याच बटाट्याचे पातळ काप तेलात तळून, वर मीठ-तिखट भुरभुरून पुन्हा शंभर ग्रॅम वजन करून घेतले, तर पाणी दोन ग्रॅमच्या आसपास उतरलेले, तेल ३३ ते ३६ ग्रॅमवर चढलेले आणि ऊर्जेचा आकडा ५४० किलोकॅलरीच्या घरात पोहोचलेला आढळतो. बटाटा खाल्ल्याने वजन वाढते, हा घरोघरी ऐकू येणारा समज या दोन आकड्यांमधील फरक लक्षात न घेतल्यामुळे रूढ झाला आहे. वेफर, सळी, फ्रेंच फ्राइज, भाजलेले चिप्स किंवा उपवासाचा चिवडा यांचे पोषणमूल्य ठरवताना मूळ बटाट्यापेक्षा त्यातून किती पाणी गेले, त्या पाण्याची जागा कशाने घेतली आणि तयार झालेला पदार्थ एका बैठकीत किती खाल्ला गेला, या तीन गोष्टींचा हिशेब अधिक महत्त्वाचा ठरतो.

अर्थात वरील तुलना जशीच्या तशी घेणे बटाट्यावर आणि वेफरवरही थोडे अन्यायाचे होईल, कारण एक किलो वेफर तयार होण्यासाठी साधारण साडेतीन ते चार किलो बटाटे लागतात. म्हणून ३० ग्रॅमच्या एका लहान पाकिटामागे सुमारे ११० ग्रॅमचा, म्हणजे मध्यम आकाराचा एक बटाटा असतो असे धरून चालणे अधिक रास्त आहे. तो बटाटा उकडून खाल्ला तर ८० ते ८५ किलोकॅलरी मिळतात, आणि वेफर होऊन आला तर १६० च्या आसपास मिळतात. वाढलेली ऊर्जा जवळजवळ सगळी दोन चहाच्या चमच्यांइतक्या, म्हणजे दहा ग्रॅम तेलाची असते.

हे तेल बटाट्यात कसे शिरते, याचे उत्तर कढईत पाहून मिळेल असे वाटते, परंतु ते बरेचसे कढईच्या बाहेर घडते. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर त्यात कच्चा काप सोडला की कापातील पाण्याची लगेच वाफ होऊ लागते आणि ती पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रांतून जोराने बाहेर पडते. कढईत दिसणारे बुडबुडे हे तेलाचे उकळणे नसून पाण्याचे निघून जाणे असते. वाफ बाहेर येत असेतोवर तिचा दाब तेलाला आत येऊ देत नाही, आणि ओलावा टिकून असलेला भागही साधारण शंभर अंशांच्या फारसा वर तापत नाही. बुडबुडे मंदावले की काप तळून झाला हे सुगरणीला कानानेच समजते. पण झाऱ्याने काप वर काढला आणि तो निवू लागला, की आत अडकलेल्या वाफेचे पुन्हा पाणी होते, छिद्रांमधील दाब एकदम उतरतो आणि पृष्ठभागाला चिकटलेले तेल आत ओढले जाते. तेलाचा मोठा हिस्सा अशा रीतीने तळण बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत मुरतो, त्यामुळे कढईवर झारा धरून तळण गरम असतानाच नीट निथळून घेण्याच्या जुन्या पद्धतीला पदार्थविज्ञानाचा पक्का आधार आहे. ताटलीत काढून, थंड झाल्यावर कागदाने टिपलेल्या वेफरमधील तेल तोपर्यंत आत गेलेले असते.

पृष्ठभाग जितका जास्त आणि जाडी जितकी कमी, तितके तेल अधिक, हा यातला दुसरा नियम. किसणीच्या पट्टीवर काढलेला कागदासारखा काप म्हणजे जवळजवळ सगळा पृष्ठभागच असतो, म्हणून त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा तेलाचा होतो. बोटभर जाडीच्या फ्रेंच फ्राइजमध्ये आतला गर ओला राहतो, सुमारे ४० टक्के पाणी टिकते, आणि तेल साधारण १५ टक्क्यांवर थांबते. बटाटेवड्याची रचना याहून चतुर आहे. त्यातील उकडलेल्या बटाट्याच्या भाजीला तेलाचा थेट स्पर्श होतच नाही, कारण डाळीच्या पिठाचे आवरण तेलात पडताक्षणी कडक होऊन बसते, तेल मुख्यतः त्या आवरणात राहते आणि आतली भाजी स्वतःच्याच वाफेवर तापते. वडा तेलकट नसतो असा याचा अर्थ नव्हे. पीठ पातळ झाले किंवा तेल पुरेसे तापलेले नसले तर तोही भरपूर तेल पितो. तथापि वजनास वजन तोलले तर वड्यात वेफरपेक्षा पाणी पुष्कळ जास्त आणि तेल बरेच कमी असते, आणि डाळीच्या पिठामुळे थोडी प्रथिनेही वाढतात. आरोग्याच्या नावाने वडा नाकारून त्याऐवजी वेफरचे पाकीट फोडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

तळणीत सगळेच नष्ट होते, हीदेखील अतिशयोक्ती आहे. पोटॅशियम हे खनिज उष्णतेने जळत नाही, त्यामुळे शंभर ग्रॅम वेफरमध्ये ते १,२०० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. कच्च्या बटाट्यातील सुमारे ४२० मिलिग्रॅमच्या तुलनेत ही वाढ केवळ पाणी आटल्यामुळे दिसते. 'क' जीवनसत्त्व उष्णतेला नाजूक असले तरी तळण्याचा वेळ अवघा दोन-तीन मिनिटांचा असल्याने त्याचाही काही भाग टिकतो. पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च, तर पूर्ण शिल्लक राहतो. मात्र ३० ग्रॅमच्या पाकिटातून मिळणारे पाच-सहा मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लिंबाच्या दोन-तीन चमचे रसातूनही मिळते, म्हणून वेफरच्या बाजूने देता येणारी ही साक्ष खरी असली तरी दुबळी आहे.

याच ठिकाणी एका दिशाभूल करणाऱ्या आकड्याचाही विचार करणे आवश्यक आहे. एखादा कर्बोदकयुक्त पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वेगाने वाढते, हे शुद्ध ग्लुकोजला १०० मानून मोजण्याच्या पद्धतीला ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. आंतरराष्ट्रीय तक्त्यांनुसार उकडलेल्या बटाट्याचा हा निर्देशांक सरासरी ७८, फ्रेंच फ्राइजचा ६३ आणि वेफरचा ५६ येतो, आणि त्यावरून मधुमेहींसाठी उकडलेल्या बटाट्यापेक्षा वेफर बरे, असा विचित्र निष्कर्ष काढता येतो. प्रत्यक्षात तेलामुळे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि साखर सावकाश चढते, इतकाच त्या आकड्याचा अर्थ आहे. त्या मंदगतीची किंमत दुप्पट ऊर्जेच्या रूपाने मोजावी लागते. उलट, उकडलेला बटाटा गार होऊ दिला तर त्यातील काही स्टार्चची रचना बदलून तो लहान आतड्यात न पचणारा बनतो आणि तंतूंसारखे काम करतो. दह्यात कालवलेल्या गार बटाट्याच्या कोशिंबिरीला हा गुण आपोआप लाभतो.

पोट भरण्याच्या दृष्टीने केलेली तुलना यापेक्षा अधिक बोलकी आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थांचा तृप्ती निर्देशांक प्रसिद्ध केला. प्रत्येक पदार्थाचा २४० किलोकॅलरी देणारा भाग खायला देऊन पुढील दोन तास भूक कितपत शमलेली राहते याची नोंद त्यांनी घेतली आणि पांढऱ्या पावाला १०० गुण देऊन बाकीच्यांची क्रमवारी लावली. सर्व ३८ पदार्थांमध्ये उकडलेला बटाटा ३२३ गुणांनी पहिला आला, फ्रेंच फ्राइजला ११६ गुण मिळाले आणि वेफर ९१ वर, म्हणजे पावाच्याही खाली राहिले. यात गूढ असे काही नाही, कारण २४० किलोकॅलरीसाठी उकडलेले बटाटे पाव किलोहून बरेच जास्त खावे लागतात, तर वेफर ४५ ग्रॅमही पुरतात. पोटाला वजन आणि आकारमान समजते, कॅलरी समजत नाहीत. एकच कंद एका रूपात तृप्तीच्या यादीचा मानकरी ठरतो आणि दुसऱ्या रूपात मागे पडतो, तेव्हा दोष कंदाचा नसतो हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

वेफर खाताना हात न थांबण्याचे दुसरे कारण मसाल्यात आहे. वेफरचा शोध १८५३ मध्ये अमेरिकेतील साराटोगा स्प्रिंग्ज येथे जॉर्ज क्रम नावाच्या आचाऱ्याने चिडून लावला ही कथा सर्वत्र सांगितली जाते, परंतु विल्यम किचनर यांच्या १८१७ मधील इंग्रजी पाककृतीग्रंथात बटाट्याचे पातळ काप तळण्याची कृती आधीच छापलेली आहे, तेव्हा ती कथा बाजूला ठेवलेली बरी. मसाल्याचा इतिहास मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये पाकिटात मिठाची वेगळी पुडी घालून दिली जाई आणि खाणारा आपल्या हाताने मीठ लावून घेई. १९५४ मध्ये डब्लिन येथे जो मर्फी यांनी सुरू केलेल्या टेटो या कंपनीने चीज-कांद्याची चव कारखान्यातच लावलेले वेफर आणले, आणि तेव्हापासून किती मीठ घ्यायचे हा निर्णय खाणाऱ्याच्या हातून उत्पादकाकडे गेला.

आज पाकिटावर 'मसाला' म्हणून जे लिहिलेले असते त्यात मीठ, साखर, मिरची, कांदा-लसणाची पूड, आमचूर किंवा सायट्रिक आम्ल, आणि चव पसरवण्यासाठी माल्टोडेक्स्ट्रिन नावाची स्टार्चपासून बनवलेली बेचव पूड यांचा समावेश असतो. त्यासोबत ६२७ आणि ६३१ असे क्रमांक दिसतात. ते जिभेला मांसरसासारखी भरीव चव जाणवून देणाऱ्या न्यूक्लिओटाइड क्षारांचे आहेत. ६३१ म्हणजे डुकराची चरबी, असा मजकूर भ्रमणध्वनीवरून वर्षानुवर्षे फिरत राहिला आहे, पण हा क्षार म्हणजे चरबी नव्हेच. तो प्राणिज स्रोतापासून मिळवता येतो तसा स्टार्च आंबवूनही तयार होतो, आणि भारतात पाकिटावर हिरवा ठिपका छापायचा असेल तर त्यातील सर्व घटक शाकाहारी असणे कायद्याने बंधनकारक आहे. पोषणाच्या दृष्टीने या क्रमांकांपेक्षा साध्या मिठाकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. पाकिटावर मीठ न लिहिता सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन निघते. शंभर ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम सोडियम असलेल्या वेफरच्या ३० ग्रॅमच्या पाकिटातून १८० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ०.४५ ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, त्याच्या हा अकरावा हिस्सा आहे. लोणचे, पापड आणि पाव यांच्या तुलनेत हे प्रमाण भयंकर नाही. वेफर जितके खारट लागतात तितके मीठ त्यांत नसते, कारण ते पृष्ठभागावर असल्याने जिभेवर पडताच विरघळते. अडचण अशी की मीठ, स्टार्च आणि तेल यांचा असा मेळ निसर्गात क्वचितच आढळतो, आणि अशा पदार्थांपुढे भूक भागल्याची जाणीव उशिरा जागी होते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० स्वयंसेवकांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अतिप्रक्रिया केलेले अन्न मनसोक्त खायला मिळाले तेव्हा माणसांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त घेतल्या. तो प्रयोग केवळ वेफरविषयी नव्हता, पण वेफर त्या गटात बसतात.

तळलेल्या आणि भाजलेल्या बटाट्याविषयी एक काळजी अशी आहे जिचा तेलाशी किंवा मिठाशी संबंध नाही, आणि ती उजेडात आली ती स्वयंपाकघरातून नव्हे, तर एका रेल्वे बोगद्यातून. स्वीडनमधील हालांड्सोस येथे १९९७ मध्ये बोगद्यातील पाण्याची गळती थांबवण्यासाठी वापरलेल्या रसायनातून अॅक्रिलामाइड हे द्रव्य ओढ्याच्या पाण्यात उतरले, मासे मेले, गुरे लुळी पडली आणि कामगारांच्या रक्ताची तपासणी करावी लागली. तुलनेसाठी ज्यांचा बोगद्याशी काहीही संबंध नव्हता अशांचेही रक्त तपासले, तेव्हा त्यातही या द्रव्याच्या खुणा सापडल्या. शोध घेत घेत स्टॉकहोम विद्यापीठातील संशोधक अन्नापर्यंत पोहोचले आणि एप्रिल २००२ मध्ये त्या देशाच्या अन्न प्रशासनाने तळलेल्या व भाजलेल्या स्टार्चयुक्त पदार्थांत, विशेषतः बटाट्याच्या वेफरमध्ये, अॅक्रिलामाइड आढळत असल्याचे जाहीर केले.

याची रासायनिक घडण समजून घेतली तर भीतीची जागा सावधगिरी घेते. बटाट्यात अस्पॅराजिन नावाचे अमिनो आम्ल नैसर्गिकरीत्याच भरपूर असते. तापमान १२० अंशांच्या वर गेले आणि ओलावा संपत आला की त्याची ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या साखरांशी अभिक्रिया होऊन अॅक्रिलामाइड तयार होते. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या, आणि भाजणीला तिचा खमंग वास व तळणाला तांबूस रंग देणाऱ्या अभिक्रियेचीच ही एक शाखा आहे. म्हणून उकडलेल्या बटाट्यात किंवा वड्यातल्या ओल्या भाजीत ते जवळजवळ तयार होत नाही, आणि करपट तपकिरी वेफरमध्ये फिकट सोनेरी वेफरपेक्षा पुष्कळ जास्त सापडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे हे द्रव्य 'माणसात बहुधा कर्करोगजनक' या गटात टाकले होते. मात्र माणसांच्या आहाराच्या पाहण्यांतून कर्करोगाशी त्याचा ठाम आणि सुसंगत संबंध दिसून आलेला नाही. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमात वेफरसाठी किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम हा मापदंड ठरवला. तो बंदीची मर्यादा म्हणून नव्हे, तर उत्पादकांनी आपली प्रक्रिया सुधारावी म्हणून.

साखरेचा मुद्दा येथे कळीचा ठरतो. बटाटे दोन ते चार अंशांच्या शीतगृहात राहिले की त्यांतील स्टार्चचे थोडे थोडे साखरेत रूपांतर होते, बटाटा गोडसर लागू लागतो आणि त्याचे काप तेलात पडताच कच्चेपणीच लाल होतात. वेफरसाठी ताज्या पदार्थाच्या वजनाच्या ०.१ टक्क्याहून कमी साखर आणि २० टक्क्यांहून अधिक शुष्कांश, म्हणजे पाणी वगळता उरणारा ऐवज, असलेला बटाटा लागतो, आणि या गरजेतूनच सिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफ्री चिप्सोना-१ आणि २ ही वाणे दिली. शुष्कांश जास्त म्हणजे बाहेर जाणारे पाणी कमी, आणि म्हणून आत येणारे तेलही कमी. हे बटाटे दहा-बारा अंशांना साठवतात. बाजारात 'शुगर फ्री' म्हणून चढ्या भावाने विकला जाणारा बटाटा बहुधा याच पद्धतीने साठवलेला असतो. त्यात स्टार्च नेहमीइतकाच असल्याने आणि पचनानंतर त्याचे ग्लुकोजच होत असल्याने मधुमेहींनी त्या नावावर विसंबू नये.

महाराष्ट्रात उन्हाळी वाळवणाची जी पद्धत चालत आली आहे ती या कसोटीवर विलक्षण चांगली उतरते. काप दोन-तीन पाण्यांतून धुवायचे, मीठ आणि तुरटीच्या उकळत्या पाण्यात अर्धवट शिजवायचे, चाळणीत उपसून धोतरावर किंवा पंचावर एकेक काप सुटा पसरायचा आणि कडकडीत उन्हात दोन दिवस वाळवायचा, असा तो क्रम असतो. पांढरेशुभ्र वेफर व्हावेत एवढाच त्यामागचा हेतू. परंतु धुताना आणि उकळताना साखर व अस्पॅराजिन ही दोन्ही पाण्यात उतरतात, आणि ज्यापासून तपकिरी रंग व अॅक्रिलामाइड तयार व्हायचे तो कच्चा मालच कमी होतो. वाळलेला काप तेलात काही सेकंदांत फुलतो, आणि पाणी आधीच गेलेले असल्याने सर्वसाधारणपणे तेलही ओल्या कापाहून कमी घेतो. बटाट्यातले 'क' जीवनसत्त्व आणि बरेचसे पोटॅशियम मात्र त्या फेकलेल्या पाण्याबरोबर वाहून जाते, हे दुसऱ्या बाजूला मांडले पाहिजे. ज्यांना वाळवण करायचे नाही त्यांनी कच्चे काप पंधरा ते तीस मिनिटे पाण्यात ठेवून, पुसून तळले तरी फरक पडतो. हिरवट पडलेला किंवा कोंब फुटलेला बटाटा मात्र कोणत्याच रीतीने वापरू नये, कारण त्यातील सोलानिन व चाकोनिन ही विषारी द्रव्ये तळणाच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत.

भाजलेल्या, म्हणजे 'बेक्ड' चिप्सचे आकर्षण तेल कमी या एका कारणाने आहे आणि ते कारण खरे आहे. त्यांत स्निग्धता अनेकदा तळलेल्या वेफरच्या निम्मी भरते. पण पुष्कळसे भाजलेले चिप्स बटाट्याचे काप नसतात, तर वाळवलेल्या बटाट्याच्या पुडीत मका किंवा गव्हाचा स्टार्च, साखर आणि थोडे तेल घालून मळलेल्या उंड्याचे लाटून कापलेले तुकडे असतात. प्रिंगल्स या प्रसिद्ध खाद्यप्रकारात बटाट्याचे पीठ ४२ टक्केच आहे, म्हणून तो बटाट्याचा पदार्थ मानून त्यावर कर लावू नये, असा युक्तिवाद उत्पादकांनी ब्रिटनमध्ये केला होता आणि तो २००९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने फेटाळला. कर वाचवताना का होईना, घटकांची ही माहिती खुद्द उत्पादकाच्या तोंडून जगाला मिळाली. शिवाय भट्टीची कोरडी उष्णता अॅक्रिलामाइडला तेलाइतकीच मानवते, त्यामुळे 'बेक्ड' या शब्दाने ती चिंता दूर होत नाही. घरोघरी आलेले एअर फ्रायर हे यंत्र म्हणजे पंखा बसवलेली छोटी भट्टीच आहे, आणि त्याचे गुणदोषही तेच आहेत.

मराठी घरात बटाट्याच्या तळणीला खरी राजमान्यता मिळते ती उपवासाच्या दिवशी. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला, आणि ताटातले रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची इतकेच नव्हे तर ज्याचा साबुदाणा होतो तो टॅपिओका कंदही मूळचा अमेरिका खंडातलाच. धान्य वर्ज्य असताना परदेशी कंद चालतात ही गंमत धर्मशास्त्रापेक्षा शेतीच्या इतिहासाची आहे. आहाराच्या बाजूने पाहता उपवासाचा चिवडा हा तळलेली बटाट्याची सळी, तळलेले शेंगदाणे, पिठीसाखर आणि मीठ यांचा मेळ असतो. सळी किसामुळे वेफरहून बारीक आणि शेंगदाण्यात मुळातच सुमारे निम्मे तेल, तेव्हा वाटीभर चिवड्यात एका साध्या जेवणाइतकी ऊर्जा सहज सामावते. मीठ सोडून शेंदेलोण वापरले तरी सोडियम जवळपास तेवढेच राहते, आयोडीन मात्र बहुधा जाते. एकादशीला दुप्पट खाल्ले जाते या जुन्या थट्टेत कॅलरीचा हिशेब ठेवणाऱ्यालाही दुरुस्ती सुचवता येणार नाही.

तळणीचे तेल कोणते, हा प्रश्न पाकिटबंद मालात बहुतेक वेळा पामोलिन या उत्तराशी येऊन थांबतो. ते स्वस्त असते, उच्च तापमानाला टिकते आणि लवकर खवट होत नाही, पण त्यातील सुमारे ४० ते ४५ टक्के मेदाम्ले संपृक्त, म्हणजे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवण्याकडे कल असलेली असतात; शेंगदाणा तेलात हे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी असते. वनस्पती तुपातून येणाऱ्या ट्रान्स मेदाम्लांवर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे तो धोका पूर्वीपेक्षा घटला आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा धोका तसा घटलेला नाही. वारंवार तापल्याने तेलाचे रेणू मोडून ध्रुवीय संयुगे तयार होतात, आणि त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाद्य म्हणून वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मोजण्याचे उपकरण हाताशी नसले तरी तेल काळपट आणि चिकट होणे, तापण्याआधीच धुरकटणे आणि वर विरून न जाणारा फेस धरणे या खुणा पुरेशा बोलक्या असतात.

मोठ्या लोकसंख्येच्या दीर्घ पाहण्यांतूनही चित्र याच दिशेचे दिसते. अमेरिकेतील १,२०,८७७ व्यक्तींच्या आहाराचा मागोवा घेणाऱ्या, २०११ मधील अभ्यासात रोजच्या आहारात वेफरचा एक भाग अधिक घेण्याचा संबंध दर चार वर्षांत सुमारे पाऊण किलो वजनवाढीशी आढळला, आणि तपासलेल्या पदार्थांत तो सर्वाधिक ठरला. दोन लाखांहून अधिक व्यक्तींच्या २०२५ मधील विश्लेषणात आठवड्यातून तीनदा फ्रेंच फ्राइज खाणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची जोखीम सुमारे २० टक्क्यांनी जास्त दिसली, तर उकडलेल्या, भाजलेल्या किंवा कुस्करलेल्या बटाट्याच्या बाबतीत तसा लक्षणीय संबंध दिसला नाही. अशा पाहण्या सहसंबंध दाखवतात, कार्यकारण सिद्ध करत नाहीत. तळलेले बटाटे फार खाणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. भारतात शाळांच्या उपाहारगृहांत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत तेल, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई केली आहे, ती अशाच पुराव्यांच्या एकूण वजनावर. घरून डब्यात येणाऱ्या वेफरना हे अंतर अर्थातच लागू होत नाही.

या सगळ्या हिशेबात काचऱ्यांचे उदाहरण उपयोगी आहे, कारण त्यातही बटाट्याचे पातळ कापच तेलावर परतले जातात. अर्धा किलो बटाट्यांच्या काचऱ्यांना फोडणीसकट दोन-अडीच मोठे चमचे, म्हणजे ३० ते ३५ ग्रॅम तेल लागते. चौघांत वाटणी झाली की एकाच्या पानात आठ-नऊ ग्रॅम येते, म्हणजे लहान पाकिटातल्या वेफरइतकेच जवळपास. परंतु झाकण ठेवून वाफ आणल्यामुळे सव्वाशे ग्रॅम बटाट्यातले बहुतेक पाणी जागेवर राहिलेले असते, काप कडेने खरपूस आणि आतून मऊ असतात, आणि काचऱ्या पोळी, आमटी व कोशिंबिरीबरोबर जेवणातली भाजी म्हणून खाल्ल्या जातात. पाकीट जेवणाच्या जागी येत नाही, जेवणाच्या आगेमागे येते, आणि त्यातले दहा ग्रॅम तेल दिवसाच्या एकूण तेलात वरचे म्हणून जमा होते.